जड घोडी, हलका नर : सवारीच्या घोड्यासाठी संकर करावा का?

वाचकांचे प्रश्न : पशुपालन

घोड्यांच्या संकरासंबंधी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहोत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ त्यातच आहे.

प्रश्न : अकलूजच्या घोडेबाजारातून घेतलेली, ५८ इंच उंचीची, सात वर्षांची देशी घोडी माझ्याकडे आहे. ती पूर्वी टांग्याला होती. अंगाने भरलेली, जाड नळीची (गुडघ्याखालच्या हाडाची), पुठ्ठ्याने रुंद आणि स्वभावाने अतिशय शांत आहे. शेजारच्या गावात एकांनी रेसमधून काढलेला ६४ इंची थरोब्रेड नर आणून ठेवला आहे. ओळखीत एक मारवाडी नरही आहे. मुलांना शिकता येईल, मला (वजन ८५ किलो) दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर नेईल आणि बांध-चर उडी मारून ओलांडेल, असा सर्व कामांचा घोडा मला हवा आहे. घोडी हलक्या नराला लावावी, की आधी जड नर शोधावा? रक्ताचे प्रमाण किती ठेवावे? (माळशिरस तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : आपल्या विचाराची दिशा योग्य आहे. जड हाडाच्या घोडीला हलका, चपळ नर लावून सवारीचा घोडा मिळवण्याची रीत जुनी आणि पारखलेली आहे. आयर्लंडमधील शेतकरी आयरिश ड्राफ्ट जातीच्या घोडीकडून नांगर ओढून घेत, तिलाच गाडीला जुंपत आणि प्रसंगी तिच्यावर बसून शिकारीलाही जात. त्याच घोडीला थरोब्रेड नर लावून जी शिंगरे मिळत, ती मोठी झाली की खंदक आणि दगडी कुंपणे ओलांडणारे ‘हंटर’ म्हणून चांगल्या किमतीला जात. आजचा आयरिश स्पोर्ट हॉर्स याच संकरातून आला आहे. मात्र हे उदाहरण देताना एक गोष्ट हमखास नजरेआड होते. आयरिश ड्राफ्ट नावाने ओढकामाची जात असली, तरी शायर किंवा बेल्जियन घोड्यासारखी ती अवजड नाही. तिच्या पायांवर केसांचे दाट झुपके नसतात, चाल मोकळी असते आणि उडीची समज तिच्यात मुळातच असते. तिच्याकडून घ्यायचे ते भक्कम हाड, शांत डोके आणि टिकाऊ खूर. नुसता अंगाचा भार घ्यायचा नाही. आपली घोडी, आपण वर्णन केले आहे तशी असल्यास, आपल्या भागापुरती याच कामाची आहे, आणि म्हणून निराळा जड नर शोधण्याचे कारण मला दिसत नाही.

जड बाजू आईची असावी हे म्हणण्यामागे परंपरेखेरीज आणखी एक आधार आहे. केंब्रिज येथील वॉल्टन आणि हॅमंड या संशोधकांनी अवाढव्य शायर आणि चिमुकला शेटलंड यांचा कृत्रिम रेतनाने दोन्ही बाजूंनी संकर करून पाहिला आणि त्याचे निष्कर्ष १९३८ मध्ये प्रसिद्ध केले. दोन्ही प्रकारच्या शिंगरांत रक्त निम्मे-निम्मेच होते. तरीही शायर घोडीच्या पोटचे शिंगरू शेटलंड घोडीच्या पोटच्या शिंगरापेक्षा जन्मतः सुमारे तिप्पट वजनाचे भरले, आणि पुढे वाढ पुरी झाल्यावरही तो फरक पुरता बुजला नाही. शिंगराच्या वाढीला आईच्या गर्भाशयाची मर्यादा असते आणि नंतर तिच्या दुधाची. यातून दोन गोष्टी निघतात. उंच नर लावला तर शिंगरू अडेल ही जी भीती बाजारात घातली जाते, ती निरोगी, भरल्या अंगाच्या घोडीच्या बाबतीत बरीच अतिशयोक्त आहे. आणि दुसरे असे की, ५८ इंची घोडीच्या पोटी ६४ इंची बापाचे शिंगरू त्याच्याएवढे होईल ही आशाही धरू नये. ६० ते ६१ इंच मिळाले तर ते योग्यच समजावे.

आता रक्ताच्या प्रमाणाविषयी. निम्मे, पाऊण, पंचवीस टक्के हे आकडे वंशावळीच्या कागदावर ठीक आहेत, पण शिंगराच्या अंगात आई-बाप दुधात पाणी मिसळावे तसे सारखे मिसळत नाहीत. उंची एकाची, नळी दुसऱ्याची, डोके तिसऱ्याच कुणा आजोबाचे, असे सर्रास होते. या संकरातला सर्वांत वाईट योग म्हणजे आईचे भरलेले धड आणि बापाची बारीक नळी एकाच शिंगरात उतरणे. असा घोडा उभा असताना देखणा दिसतो आणि कामाला लागला की पुढच्या पायांच्या शिरांनी (कंडरांनी) त्रास देतो. हा धोका पूर्ण टाळता येत नाही, पण नराची निवड करतानाच तो पुष्कळ कमी करता येतो. त्यासाठी शिंप्याकडचा कापडी टेप पुरे. जनावर टणक, सपाट जमिनीवर चारी पायांवर सारखा भार देऊन उभे करावे आणि पायांवर सूज नाही ना ते आधी पाहावे, नाहीतर मापात तीही धरली जाते. मग पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या लगेच खाली टेप सैल न ठेवता आणि न आवळता फिरवून नळीचा घेर घ्यावा. साधारण ४५० किलोच्या सवारीच्या घोड्याला हा घेर ८ इंच किंवा थोडा अधिक असला म्हणजे समाधानकारक मानतात. घेराइतकेच महत्त्व आकाराला आहे. बाजूने पाहिले असता नळी आणि तिच्यामागची शीर वेगवेगळ्या दिसाव्यात, पाय चपटा वाटावा. गोल, मांसल, फुगीर पायाचा घेर टेपवर मोठा येतो, पण तो हाडाचा नसतो. आई आणि बाप दोघांचेही माप घ्यावे. आईची नळी जाड आहे म्हणून बापाची काडीसारखी चालेल, असा हिशेब करू नये.

अकलूजला किंवा इतर बाजारांत देवमण, पंचकल्याण, भोवऱ्यांची जागा अशा शुभ मानलेल्या खुणांवरून हजारो रुपयांचा फरक पडतो. मिरवणुकीचा घोडा घेणाऱ्याने ते जरूर पाहावे. सवारीचे शिंगरू हवे असणाऱ्याने तोच वेळ नळीवर आणि खुरावर घालवावा.

दोन नरांपैकी कोणता, याचे उत्तर त्यांना पाहिल्याशिवाय ठामपणे देणे शक्य नाही, तरी काय पाहावे ते सांगता येईल. थरोब्रेड हा मुळात पळण्यासाठी घडवलेला घोडा. त्याची लांब पावले, तिरपा खांदा आणि दम या गोष्टी आपल्या घोडीत कमी असणार, म्हणून तो नर चांगला असेल तर शिंगराला त्याच्याकडूनच सर्वांत जास्त मिळेल. पण तो रेसमधून का काढला गेला हे मालकाकडून नीट काढून घ्यावे. केवळ वेग कमी पडला म्हणून काढलेला घोडा आपल्या कामाला मुळीच वाईट नाही, कारण आपल्याला वेग नकोच आहे. पुढच्या पायाची शीर तुटून तो बाहेर पडला असेल, तर गुडघा बाजूने पाहावा. तो मागे झुकलेला असेल तर ती घडणच शिरेवर ताण आणणारी आहे आणि ती शिंगरात उतरू शकते. घडण सरळ असूनही धावपट्टीवर अपघाताने इजा झालेली असेल, तर ती वारशाने जात नाही. स्वभावाचेही तसेच आहे. रेसचा घोडा तबेल्यात दिवसदिवस कोंडलेला, भरपूर दाण्यावर ठेवलेला असतो, त्यामुळे त्याचा उतावळेपणा कितपत जन्मजात आणि कितपत खुराकाचा, हे तो काही महिने मोकळ्या रानात आणि चाऱ्यावर राहिल्याशिवाय कळत नाही. मोतद्दाराने पाय उचलायला गेल्यावर तो कसा वागतो, हे तासभर पाहिले तरी पुष्कळ समजेल.

मारवाडी नराकडून उष्णता सोसण्याची ताकद, टणक खूर आणि कमी चाऱ्यावर निभावण्याची सवय मिळेल. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, या गोष्टी शोभेच्या नाहीत. पण मारवाडीचा खांदा बहुधा उभट असतो आणि पाऊल वर जास्त, पुढे कमी पडते. मिरवणुकीत ही चाल डोळ्यांत भरते. उडीला आणि लांबच्या दुडकीला ती तितकी सोयीची नाही. नाचकामाला शिकवलेल्या नरांच्या बाबतीत मालक जी चाल दाखवतो, ती कितपत शिकवलेली आहे हेही विचारून घ्यावे. दोन्ही नर हाडाने आणि स्वभावाने सारखे उतरले, तर आपण सांगितलेल्या कामांसाठी मी थरोब्रेड निवडीन.

आपल्या वजनाचा प्रश्न मात्र आपण कंसात घातला आहे, तो बाहेर काढायला हवा. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत असावे, असा प्रचलित संकेत आहे. आपले ८५ आणि खोगिराचे सुमारे १० किलो धरले तर ९५ होतात, म्हणजे घोडा ४७५ किलोच्या आसपास हवा. वजनकाटा नसल्यास छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि ११,९०० ने भागावे. घेर १७० आणि लांबी १४५ असलेली घोडी या हिशेबाने सुमारे ३५२ किलोची भरते. आपल्या घोडीचे शिंगरू मोठे होऊन ४०० ते ४२० किलोचे झाले, तर मुलांना ते उत्तम होईल, आपल्याला तासा-दोन तासांच्या फेरीला चालेल. पण ३० किलोमीटरची रपेट नेहमीची ठेवायची असेल, तर ते कमीच पडेल.

वेळेचाही विचार व्हावा. घोडी सुमारे ११ महिने गाभण राहते. फेब्रुवारीत फळली तर शिंगरू जानेवारीत, म्हणजे थंडीत येते आणि कडक उन्हाळ्यापूर्वी तीन महिन्यांचे होते. मे महिन्यात लावली तर ते ऐन एप्रिलच्या उन्हात पडते. गुडघ्याजवळच्या हाडांची वाढ अडीच वर्षांच्या सुमारास थांबते, पण पाठीच्या मणक्यांची वाढ पाच-साडेपाच वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून तीन वर्षांपूर्वी पाठीवर बसू नये आणि पाच वर्षांपर्यंत उडीचे व लांब पल्ल्याचे काम देऊ नये. आपल्याला एकच घोडा हवा असेल आणि शिंगरू वाढवण्याची हौस नसेल, तर एवढ्या वर्षांच्या खुराकाच्या पैशांत शिकवलेला, पाहून-चालवून घेतलेला, ६२ इंची तयार घोडा विकत घेणे अधिक शहाणपणाचे ठरेल. हौस असेल, तर आपल्या दावणीला असलेली घोडी हे चांगले भांडवल आहे.

प्रश्न : क्लाइड्सडेल, शायर, पर्चेरॉन यांसारख्या परदेशी जड घोड्यांचा मारवाडी घोडीशी संकर केला, तर उंच आणि ताकदवान सवारीचा घोडा मिळणार नाही का? (सोलापूर शहरातील एक वाचक)

उत्तर : मिळेल, पण तो सोलापूरसाठी नसेल. शरीर जितके मोठे, तितके त्याच्या वजनाच्या मानाने कातडीचे क्षेत्र कमी, आणि घोडा अंगातील उष्णता मुख्यतः कातडीवाटे, घामाने टाकतो. थंड प्रदेशात घडलेल्या ८००-९०० किलोच्या जातीला ही अडचण मुळातच असते आणि तिच्या संकरातही ती उरते. शायर आणि क्लाइड्सडेल यांच्या पायांवरच्या दाट केसांत पावसाळ्यात आपल्या काळ्या रानाचा चिकण चिखल बसला, की आत खाज आणि बुरशी ठरलेली. शिवाय या जातींत पायांना हळूहळू वाढत जाणारी, बरी न होणारी सूज आढळते. पर्चेरॉनचे पाय स्वच्छ असतात, म्हणून परदेशांत सवारीच्या संकरासाठी तो अधिक पसंत केला जातो, परंतु त्याच्यात आणि बेल्जियन जातीत स्नायूंत साखर चुकीच्या पद्धतीने साठवण्याचा आनुवंशिक दोष बऱ्याच प्रमाणात आहे आणि भरपूर दाणा खाऊन उभ्या राहिलेल्या घोड्याला त्याचा त्रास होतो. चाऱ्याचा हिशेबही मांडून पाहावा. घोड्याला दिवसाला वजनाच्या सुमारे २ टक्के कोरडा चारा-दाणा लागतो, म्हणजे ८५० किलोच्या घोड्याला १७ किलो. दुष्काळी वर्षात कडब्याचा भाव काय असतो, ते आपल्या जिल्ह्यात वेगळे सांगायला नको.

प्रश्न : थरोब्रेड आणि देशी घोडीच्या संकराची एक नर आणि एक मादी अशी दोन उत्तम जनावरे माझ्याकडे आहेत. त्यांचीच जोडी लावून पुढे हीच जात कायम करता येईल का? (बार्शी तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : पहिल्या पिढीचा संकर बहुधा एकसारखा आणि जोमदार निघतो, पण त्याच पिढीतील नर-मादी एकत्र आणली की दुसऱ्या पिढीत मूळचे गुण पुन्हा सुटे होऊन विखुरतात, आणि एक शिंगरू रेसच्या घोड्यासारखे, दुसरे टांग्याच्या तट्टासारखे, तिसरे दोन्हींतले वाईट तेवढे घेतलेले असे निघू शकते. आपली दोन्ही जनावरे एकाच नराची असतील, तर जवळच्या नात्याचा दोष त्यात आणखी मिळतो.

संकरातून जात उभी राहत नाही असे मात्र नाही. जर्मनीतील हॅनोवेरियन जातीची मुळे ज्या सेले येथील सरकारी पागेत आहेत, ती इंग्लंडचा राजा आणि हॅनोवरचा अधिपती दुसरा जॉर्ज याने १७३५ मध्ये स्थापन केली. तिथे कधी सैन्यासाठी थरोब्रेड रक्त घालून घोडा हलका केला गेला, कधी शेतीसाठी पुन्हा जड केला गेला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ट्रॅकेनर व थरोब्रेड नर वापरून आजचा खेळाचा घोडा घडवला गेला. नेदरलँड्समध्ये गेल्डरलँडर आणि जड ग्रोनिंगर या दोन शेतीच्या जातींतून, थरोब्रेडची भर घालून, डच वॉर्मब्लड आला. या दोन्ही ठिकाणी हजारो घोडींची वंशनोंद होती, नरांची कामावर चाचणी घेतली जाई आणि नापास नर प्रजननातून सरसकट काढले जात. दोन जनावरांवर हे होत नाही. आपण आपली मादी एखाद्या चांगल्या, शुद्ध जातीच्या नराला लावावी, तिच्यात जे उणे असेल ते ज्याच्यात ठळक आहे असा नर पाहावा. आणि नराचा स्वभाव चांगला असला तरी त्याला खच्ची करून सवारीला ठेवावे. चांगला खच्ची घोडा मुलांच्या हाती देता येतो, हा लाभ लहान नाही.

प्रश्न : आमच्याकडे मेंढरांबरोबर फिरणाऱ्या भीमथडी घोड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. व्यापारी म्हणतात, मारवाडी नर लावा, उंची आणि किंमत वाढेल. काय करावे? (सांगोला तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : एखादी घोडी लावून पाहण्यास हरकत नाही, सगळ्या लावू नका. भीमथडीची आता स्वतंत्र देशी जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे, आणि भीमेच्या खोऱ्यातील ज्या कळपांत बाहेरचे रक्त आलेले नाही, ते कळप आता फार थोडे उरले आहेत. बिऱ्हाड पाठीवर घेऊन रोज मुक्काम हलवणारे, वाटेत मिळेल ते खाणारे आणि नालबंद महिनोन्‌महिने भेटला नाही तरी लंगडत नसलेले हे जनावर उंचीच्या मोहात घालवले, तर ते कोणत्याही बाजारात परत विकत मिळणार नाही. संकराचे उंच शिंगरू विकले जाईल हे खरे, पण आपल्या वाटेवर, आपल्या चाऱ्यावर ते टिकेलच असे नाही. सर्वांत चांगल्या घोडींना भीमथडीचाच, त्यातल्या त्यात भक्कम आणि नात्याबाहेरचा नर लावावा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जनावरांची नोंद करून ठेवावी.

प्रश्न : गाभण घोडीला हिरवे कडवळ, उसाचे वाढे आणि गव्हाचा कोंडा देतो. एवढे पुरेसे आहे का? (मंगळवेढा तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : पुरेसे तर नाहीच, शिवाय यातील प्रत्येक पदार्थाविषयी सावध राहावे लागेल. हिरव्या ज्वारीने गाय-म्हैस दगावते हे शेतकऱ्याला ठाऊक असते. घोड्यात तिचा परिणाम वेगळा दिसतो. सतत हिरवे कडवळ खाणाऱ्या घोड्याचा मूत्राशय आणि मागचे पाय लुळे पडतात, आणि गाभण घोडी असेल तर गर्भपात किंवा शिंगराचे सांधे आखडलेले निघणे, असेही प्रकार आढळले आहेत. चांगला वाळलेला कडबा चालतो, हिरवे देऊ नये. वाढ्यांतील ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवते, आणि कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमपेक्षा कितीतरी जास्त असतो. दोन्ही मिळून घोडीच्या हाडांतील कॅल्शियम ओढले जाते, जबड्याची हाडे फुगतात आणि पोटातल्या शिंगराची नळी कच्ची राहते. जाड हाडाचे शिंगरू हवे म्हणून संकर करायचा आणि गाभणकाळात कोंडा घालायचा, हे एकमेकांच्या विरुद्ध आहे. कोंडा मूठभर ठेवा, वाढे बंद करा, कडब्याच्या जोडीला लसूणघास द्या, आणि शेवटच्या तीन महिन्यांत भिजवलेला हरभरा व घोड्यांसाठीचे खनिज मिश्रण पशुवैद्यांना विचारून सुरू करा.

प्रश्न : नराचा मालक म्हणतो, घोडी लावण्यापूर्वी रक्ततपासणीची गरज नाही. हे खरे आहे का? (करमाळा तालुक्यातील एक वाचक)

उत्तर : नाही. ग्लँडर्स हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो, त्यावर उपचार करण्याऐवजी बाधित जनावर मारावे लागते, आणि २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार त्याची माहिती देणे बंधनकारक आहे. बाजारात आणि यात्रेत फिरणाऱ्या नराच्या बाबतीत हा धोका अधिक. ग्लँडर्स आणि संसर्गजन्य रक्तक्षय यांसाठी नराचे आणि घोडीचे दोघांचेही रक्तनमुने सरकारी पशुवैद्यांमार्फत पाठवावेत. हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात या तपासण्या होतात. रेतनातून पसरणाऱ्या रोगांसाठी नराच्या इंद्रियाची आणि घोडीच्या गर्भाशयाची तपासणीही त्याच वेळी करून घ्यावी. अहवाल यायला काही दिवस जातात, म्हणून घोडी माजावर येण्याची वाट न पाहता नमुने आधीच पाठवावेत. एक माज चुकला तरी साधारण २१ दिवसांनी दुसरा येतो.